सैल झालेला तोडा

१

गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला वस्ताद विजयसिंह डकरे गेले. त्यांच्या ओठांवर गुलाबी फेस होता, आणि खोलीच्या दारात उभा राहून त्यांचा जुना जोडीदार गुंडू पोवार ओरडत होता, "हिनंच मारला! ह्या पोरीनं पाणी भरून मारला माझ्या वस्तादाला!"

ती पोरगी म्हणजे वर्षाराणी. कबनूरच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली परिचारिका. तालमीतले तीस-चाळीस पैलवान जिन्यावर जमले, तेव्हा तिला मागच्या दारानं बाहेर काढावं लागलं. त्याच संध्याकाळी रुग्णालयानं तिला कामावरून दूर केलं. शवविच्छेदनात दोन्ही फुप्फुसं पाण्यानं गच्च भरलेली निघाली. वस्तादांच्या मुलानं पोलिसांत अर्ज दिला. सलाईन बेफाम सोडून निष्काळजीपणानं जीव घेतला, असं त्यात लिहिलं होतं.

पोलीस तज्ज्ञाच्या मतासाठी थांबले होते. तज्ज्ञ म्हणून नाव निघालं डॉक्टर संयोगिता इंगवले यांचं. मूत्रपिंडाच्या आजारांवर उपचार करण्यात पस्तीस वर्षं घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. बेरीज स्वतः केल्याशिवाय त्या कशावरही सही करत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती, आणि त्यापायी अनेकांशी त्यांचं बिनसलं होतं. त्यांनी 'निष्काळजीपणा' असा एक शब्द लिहिला असता, तर वर्षाराणीची नोंदणी गेली असती आणि गुन्हाही लागला असता.

पंधराव्या दिवशी त्या कागद घेऊन बसल्या. शरीरात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं, याचा तक्ता वर्षाराणीनं ठेवला होता. गुरुवारी सकाळी सहापासून वस्ताद दोनशे मिलिलिटर पाणी प्यायले होते. दुपारी दोनला प्रतिजैविकाची शंभर मिलिलिटरची बाटली चढली होती. लघवी झाली जेमतेम साठ. उरलेलं घामात आणि श्वासात जाण्याइतकं. हिशेब जुळत होता.

संयोगिताबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. माणूस बुडून मेला होता आणि कागदावर त्याला बुडवण्याइतकं पाणीच नव्हतं.

२

"तक्ता खोटा असेल," डॉक्टर आदर्श हुपरीकर म्हणाले. वस्तादांवर उपचार त्यांचेच होते. वय पस्तिशीचं, डोळ्यांखाली काळं. "तसं म्हणायला मला बरं वाटत नाही, मॅडम. पण पाणी कुठून तरी आलंच की."

"पहिल्यापासून सांगा."

वस्तादांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. जुन्या काविळीनं यकृत आतून वाळलं होतं. यकृत वाळलं की रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घटतं, आणि अल्ब्युमिन घटलं की पाणी रक्तात ठरत नाही, झिरपून पोटात आणि पायांत उतरतं. वस्तादांच्या पोटातून आठ लिटर पाणी काढावं लागलं. एवढं पाणी एकदम काढलं की रक्ताभिसरण ढासळतं आणि मूत्रपिंड रुसतं, म्हणून त्याच वेळी अल्ब्युमिनच्या तीन बाटल्या चढवल्या.

"तरीही तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली," हुपरीकर म्हणाले. "मग मंगळवारी चार बाटल्या, बुधवारी चार. मूत्रपिंडाला रक्त मिळालं तर ते उठतं. कधी उठतं, कधी नाही."

"यांचं नाही उठलं."

"नाही. गुरुवारी सकाळी छातीला स्टेथोस्कोप लावला, तर तळाशी बारीक करकर ऐकू आली. म्हटलं, आता अल्ब्युमिन दिलं तर पाणी रक्तात ओढलं जाईल, मूत्रपिंड ते बाहेर टाकणार नाही, आणि ते छातीत भरेल. सकाळी दहाला थांबवलं. तसं लिहिलंय."

लिहिलेलं होतं. अक्षर वाचता येत होतं, हे संयोगिताबाईंनी मनात नोंदवलं.

"पाय कसे होते?"

"खांबासारखे. अंगठा दाबला की खड्डा पडायचा. उजव्या पायात चांदीचा तोडा होता, कुठल्यातरी मैदानात मिळालेला. तो मांसात रुतला होता. मी मुलाला म्हटलं, कापून काढा, नाहीतर जखम होईल. शुक्रवारी गुजरीतला सोनार येणार होता."

"आणि वजन?"

हुपरीकरांनी पान उलटलं. ती खाट काट्याची होती, माणूस झोपल्या जागी वजन दाखवणारी. "सकाळी अठ्ठ्याहत्तर किलो. शेवटच्या औषधांचा डोस ठरवताना मीच परत वाचलं. अठ्ठ्याहत्तर किलो चारशे ग्रॅम."

"बेफाम सलाईन सोडलं असतं तर?"

हुपरीकरांनी तो आकडा पुन्हा पाहिला. उत्तर त्यांनाही येत होतं. फुप्फुसं अशी भरायची तर लिटर-दोन लिटर पाणी लागलं असतं, आणि काट्यावर किलो-दोन किलो दिसले असते.

"म्हणजे तक्ता खोटा नाही," संयोगिताबाई म्हणाल्या. "निदान फार खोटा नाही. चारशे ग्रॅमनं खोटा आहे."

३

वर्षाराणी कबनूरला घरी होती. शेजारच्या शेडमध्ये माग चालले होते आणि त्या खडखडाटात मोठ्यानं बोलावं लागत होतं. तिनं पुढ्यात चहा ठेवला आणि उभीच राहिली.

"बस. मी पोलीस नाही."

"तुम्ही लिहाल तेच पोलीस करणार, मॅडम."

"म्हणून तर बस म्हणते. गुरुवारची दुपार सांग."

तिनं सांगितलं. बारा ते दोन मुलगा राजवर्धन बसला होता. दोनला तो गेला आणि गुंडूमामा आले. दोनलाच तिनं प्रतिजैविकाची प्लास्टिकची बाटली लावली. दोन चाळीसला ती संपली, म्हणून तिनं नळीचा चिमटा बंद केला. पुढच्या डोसासाठी रिकामी बाटली तशीच टांगून ठेवली. मग अपघाताचे दोघे आले आणि ती तिकडे अडकली. सव्वापाचला परत आली, तर वस्ताद उठून बसायला धडपडत होते आणि धाप लागली होती.

"मधे अडीच तास तू गेली नाहीस?"

"दोनदा दारातून डोकावले. पडदा ओढलेला होता. आतून गुंडूमामा म्हणाले, 'पाय चोळतोय बाई, झोपलाय त्यो.' मी आत गेले नाही." तिचा आवाज उतरला. "जायला हवं होतं."

"ते मी लिहीन. दुसरं काही?"

वर्षाराणी पदराशी चाळा करत राहिली.

"तुझ्या मनात आहे ते बोल. नंतर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर मला ते वेगळं वाटेल."

"नळीला वरती एक झडप असते, मॅडम. हवा आत जायची. काचेची बाटली असली की ती उघडायची, नाहीतर बाटली आटत नाही. प्लास्टिकची आपोआप चिमते, तिला झडप बंद ठेवायची. बुधवारी अल्ब्युमिन संपल्यावर मी ती बंद केली होती. असं मला वाटतं. पण सव्वापाचला पाहिलं तर उघडी होती." तिनं वर पाहिलं. "मीच विसरले असेन. आणि झडप विसरले, तर आणखी काय काय विसरले असेन? रोज तेच डोक्यात येतं. गुंडूमामा म्हणतात तसं मीच काहीतरी केलं असेल."

"गुंडूमामा तुला आधीपासून बोलत होते?"

"छे. पहिल्या दिवशी मला शीर सापडेना, तर त्यांनीच अंगठ्यानं दाबून दाखवली. म्हणाले, 'घाबरू नगंस पोरी, हितं हाय बघ.' तेच नंतर..."

संयोगिताबाईंनी चहा संपवला. गुरुवारच्या नोंदीत काचेची एकही बाटली नव्हती. मग त्या दुपारी झडप कुणाला लागली?

४

राजवर्धन डकरेचं शाहूपुरीत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. डोक्यावरचे केस नुकते उगवू लागले होते. त्यानं बसायला स्टूल दिलं, पण बोलण्यात गोडी नव्हती.

"दवाखान्याच्या बाजूनं आलाय काय?"

"बेरजेच्या बाजूनं आलेय. गुरुवारी सकाळी अल्ब्युमिन थांबवलं, तेव्हा तुम्ही आणून ठेवलेल्या बाटल्यांचं काय झालं?"

"चार होत्या. सिस्टरनं पिशवीत घालून परत दिल्या. न वापरलेलं औषध नातेवाइकाच्या हातात देतात ना, तसं. दुकानात परत करा म्हणाली."

"केल्या?"

"मला इकडं यायचं होतं, म्हणून पिशवी गुंडूमामाकडं दिली. पुढं एवढं झालं, विचारायचं राहून गेलं." त्याच्या कपाळाला आठी पडली. "गुंडूमामाचं नाव घेऊ नका हां. चाळीस वर्षं सावली होता तो आबांची. नोकरी होती वारणानगरकडच्या एका गावात, जनावरांच्या दवाखान्यात. पण सुटी झाली की तालमीत. आबांना दवाखान्यात ठेवल्यापासून त्यानं घर बघितलं नाही."

"आबा काय म्हणत होते शेवटी?"

राजवर्धननं गल्ल्यामागच्या फोटोकडे पाहिलं. लंगोट लावलेला तरुण वस्ताद, पायात तोडा. "तालमीच्या हौदात नवी माती टाकायची होती रविवारी. ताक, हळद, तेल घालून. पहिली मूठ वस्तादानं टाकायची ही रीत. आबांचं एकच चाललेलं, मला रविवारी उभा करा. पोटातलं पाणी काढून बाटल्या लावल्या त्या दिवशी ते उठून बसलेले. म्हणायचे, त्या पिवळ्या बाटलीत ताकद हाय. आणि डॉक्टरनं तीच थांबवली."

"तोड्याचं काय केलंत? सोनार शुक्रवारी येणार होता."

"त्याची वेळच आली नाही. अंघोळ घालताना हातानं निघाला."

संयोगिताबाई वाकल्या. "हातानं? ओढून?"

"नाही हो, असा फिरवला आणि सुटला. तीन महिने हलत नव्हता. मला वाटलं, मेल्यावर माणूस सुकतो तसं काहीतरी असेल. गुंडूमामाच्या पायात घातला तो मी, दहाव्याला. त्याचा हक्क होता."

मेल्यावर एवढ्यात पाय सुकत नाहीत. पायांतलं पाणी उतरलं होतं ते जिवंतपणी, त्याच दुपारी, आणि ते कुठे गेलं हे शवविच्छेदनाच्या कागदावर लिहिलेलं होतं.

"तुमचा अर्ज मागं घ्यायची तयारी ठेवा," त्या उठत म्हणाल्या.

"का? कोण आहे?"

"आधी मला एक झडप कुणी उघडली ते विचारायचंय."

५

दुपारी तालीम रिकामी असते. हौदातली माती जुनीच होती. नव्या मातीची ढेरी कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून होती. गुंडू पोवार मारुतीपुढच्या दिव्यात तेल घालत होता. सत्तरीचा, कान मोडलेले, हाताचे पंजे अजून फावड्यासारखे. उजव्या पायातला चांदीचा तोडा घोट्यावर लोंबत होता.

"या बाई. राजानं फोन केल्ता. त्या पोरीला सोडवायला आलाय न्हवं?"

"काय झालं ते बघायला आलेय. तुम्ही बसला होता ना शेवटपर्यंत?"

"व्हय. पाय चोळत हुतो. दुसरं काय करणार."

त्यानं तेलाची बाटली खिडकीत ठेवली. संयोगिताबाईंची नजर तिच्यामागे गेली. तिच्यासह खिडकीत चार लहान काचेच्या बाटल्या ओळीनं होत्या. दोनांत तेल, एकीत शेंदूर, एक रिकामी. लेबलं भिजवून काढलेली. प्रत्येकीच्या बुडाला उलटी टांगायची प्लास्टिकची पट्टी तशीच होती.

त्यांनी बाटल्यांबद्दल काही विचारलं नाही. कट्ट्यावर बसल्या.

"गुंडूमामा, तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात होता म्हणे. व्यालेली म्हैस आडवी पडते, तिला काय करता?"

म्हाताऱ्याचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उजळला असेल. "कॅल्शम कमी पडतंय वो तिला! मान टाकती, डोळं फिरवती, घरातली बाई रडाय लागती. आपुन जायचं, मानेची शीर धरायची, बाटली लावायची. काचेची असती, झडप उघडायची, न्हाईतर थेंब पडत न्हाई. अर्ध्या तासात म्हस उठून उभी! शेपूट हलवत वैरण खाती. लई म्हशी उठिवल्यात म्या. देवऋषी म्हनायचे मला."

"एका बाटलीनं नाही उठली तर?"

"दुसरी लावायची."

"दुसरीनं नाही उठली तर?"

"तिसरी. कुनीकुनी चौथी बी लावत्यात."

"आणि चौथीनंही नाही उठली तर?"

दिव्याची वात तडतडली. गुंडूची नजर हळूहळू खिडकीकडे गेली, एकेका बाटलीवर थांबली आणि परत आपल्या हातांवर आली.

"मग..." तो म्हणाला. "मग खड्डा काढायचा."

तो कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"त्यानंच सांगितलं," गुंडू म्हणाला. "पिशवी बगितली आन म्हनला, गुंड्या, लाव. रविवारपतूर मला उभा कर. कुनाला सांगू नगंस, पोरगी रागवंल. म्या रिकामी प्लॅश्टिकची काढली, ही लावली. झडप उघडली. एक झाली, म्हनला, बरं वाटतंय. दुसरी झाली. तिसरीला धाप लागली, तर म्हनला, ताकद चढतीया, लाव आनखी. चौथी बी लावली. मग म्या परत प्लॅश्टिकची टांगली." त्यानं मान हलवली. "झडप तेवढी राह्यली."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"मला कुनी इचारलंच न्हाई की. आन मला वाटलं, म्या तर चांगलीच दिली. वंगाळ त्या पोरीनंच दिलं आसंल. ती औशदाची बाटली व्हती ना बाई? औशदानं मानूस मरतंय व्हय?"

संयोगिताबाईंनी त्याला सांगितलं. आडवी पडलेली म्हैस आणि आडवा पडलेला माणूस बाहेरून सारखे दिसतात, पण आत वेगळं चाललेलं असतं. म्हशीला बाटलीतलं कॅल्शियमच हवं असतं. या बाटलीत ताकद नसते. ती अंगात साठलेलं पाणी खेचून रक्तात आणते. मूत्रपिंड जागं असेल तर ते पाणी लघवीवाटे जातं आणि माणूस हलका होतो. वस्तादांचं मूत्रपिंड झोपलं होतं. चार बाटल्यांनी पायांतलं पाणी वर ओढलं, म्हणून तोडा सैल झाला. बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून ते छातीत भरलं. काट्यावर वाढलेले चारशे ग्रॅम म्हणजे शंभर-शंभराच्या त्या चार बाटल्या. बाकी सगळं पाणी वस्तादांचं स्वतःचंच होतं.

गुंडूनं सगळं मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे म्याच मारलं व्हय त्येला?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ती त्यांनी आताही केली नाही.

"त्यांचं मूत्रपिंड जात होतं. ते वाचले असते असं मी लिहिणार नाही. पण गुरुवारी गेले ते या बाटल्यांनी."

त्यांनी जबाब लिहून वाचून दाखवला. म्हाताऱ्यानं एकच दुरुस्ती सांगितली. 'वस्तादांनी सांगितल्यावरून' हे शब्द काढायला लावले. "त्यो आजारी हुता. शहाना म्या हुतो." मग सावकाश, जोडाक्षरं जपत सही केली. सही झाल्यावर तो वाकला, पायातला तोडा काढला आणि मारुतीपुढं ठेवला. काढायला एक बोट पुरलं.

६

रिक्षा रंकाळ्याच्या वळणावर आली तेव्हा त्यांनी वर्षाराणीला फोन लावला. पलीकडे मागांचा खडखडाट होता.

"झडप तू बंद केली होतीस," त्या म्हणाल्या. "ती दुसऱ्यानं उघडली. उद्या मी तसं लिहून देतेय."

खडखडाट कमी होत गेला. फोन घेऊन ती लांब चालत गेली असावी.

"नक्की मॅडम? मी विसरले नव्हते?"

"नाही विसरलीस. पडदा सरकवून आत गेली नाहीस, ते मात्र लिहीन."

"लिहा." तिनं नाक ओढलं. "कुणी उघडली मग?"

त्यांनी सांगितलं. चार वाक्यांत, अहवालात जसं लिहिणार होत्या तसं. आता ही रडेल, नाहीतर म्हाताऱ्याला शिव्या घालेल, अशी त्यांची अटकळ होती. चाळीस माणसांपुढे तिला खुनी म्हणालेला माणूस होता तो.

"गुंडूमामांना कळलं हे?" वर्षाराणीनं विचारलं.

"हो. आत्ताच सांगून निघालेय."

"मग आता त्यांच्याजवळ कोण आहे?"

संयोगिताबाईंनी मांडीवरच्या कागदांकडे पाहिलं. तक्ता, वजन, जबाब, सही, सगळं जागच्या जागी होतं. दुपारची तालीम रिकामी असते, हे त्यांना जाताना माहीत होतं आणि निघतानाही माहीत होतं.

त्यांनी फोन तसाच कानाला ठेवला आणि रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला.

"मागं वळवा," त्या म्हणाल्या. "लवकर."